सहा वर्षांचे पाहुणे

२४ नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने दोन नव्या खेळाडूंशी करार केला. एक वीस वर्षांचा, दुसरा एकोणीसचा. वर्षभरापूर्वी दोघांनीही बेसबॉलचा चेंडू हातात धरलेला नव्हता. रिंकू सिंग भदोही जिल्ह्यातला, ट्रकचालकाचा मुलगा. दिनेश पटेल वाराणसी जिल्ह्यातल्या खानपूरचा. लखनऊच्या गुरू गोविंदसिंग क्रीडा महाविद्यालयात दोघे भालाफेक शिकत होते. अमेरिकेच्या एखाद्या मेजर लीग संघाने भारतीय खेळाडूंशी करार करण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यांना शोधून काढले ते जे. बी. बर्नस्टीन या क्रीडा एजंटने. क्रिकेट खेळणाऱ्या एवढ्या मोठ्या देशात जोरात चेंडू फेकणारे हात असणारच, या हिशेबाने त्याने ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा भरवली. ३७ हजारांहून जास्त मुलांनी नशीब आजमावले. डावखुऱ्या रिंकूने ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने चेंडू फेकून पहिला क्रमांक आणि एक लाख डॉलरचे बक्षीस मिळवले. पुढे कॅलिफोर्नियात टॉम हाउस या नामांकित प्रशिक्षकाने दोघांना अक्षरशः श्रीगणेशापासून शिकवले. जुलै २००९ मध्ये पायरेट्सच्या सर्वांत खालच्या संघाकडून खेळताना रिंकूच्या नावावर विजय लागला आणि अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, ठरला. दिनेशला २०१० नंतर संघाने मोकळे केले, तो भारतात परतला. रिंकू टिकून राहिला. वरच्या पायऱ्या चढत असतानाच त्याला दुखापतींनी गाठले, आणि २०१८ मध्ये तो कुस्तीच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या, आखाड्यात उतरला. या साऱ्यावर डिस्नेने २०१४ मध्ये चित्रपटही काढला. संगीत ए. आर. रहमानचे.

चित्रपट पाहताना सहसा कुणाला पडत नाही असा एक प्रश्न आहे. मेजर लीगच्या तीस संघांपैकी पायरेट्सनेच हा जुगार का खेळला?

२००८ मध्ये पायरेट्सचा लागोपाठ सोळावा मोसम पराभवाचा गेला होता. म्हणजे सोळा वर्षे दरवर्षी जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त. पुढे ही मालिका वीस वर्षांवर गेली, १९९३ ते २०१२. अमेरिकेच्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब रांग दुसऱ्या संघाची नाही. श्रीमंत संघ तयार खेळाडू विकत घेतात. ज्याला ते परवडत नाही, त्याला कुणी पाहिले नसेल अशा ठिकाणी शोधत फिरावे लागते. पायरेट्सची ती शोधाशोध वाराणसीपर्यंत आली, एवढाच त्याचा अर्थ.

हा संघ मुळात दरिद्री घराण्यातला नव्हे. १८८७ पासून नॅशनल लीगमध्ये आहे, पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकलेला आहे. शेवटची १९७९ ची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाही संघ जोरात होता; १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षे आपल्या गटात पहिला आला. त्याच काळात एकेक मोहरा जायला लागला. १९९१ नंतर बॉबी बोनिया न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, पाच वर्षांचे २ कोटी ९० लाख डॉलर घेऊन. राहता राहिला बॅरी बॉण्ड्स, त्या पिढीतला सर्वांत मोठा फलंदाज.

१४ ऑक्टोबर १९९२ ची रात्र पिट्सबर्गची जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. अटलांटाविरुद्ध नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला निर्णायक सातवा सामना, शेवटचा डाव, पायरेट्स एका धावेने पुढे, विजयाला फक्त एक बळी हवा. फटका बॉण्ड्सकडे गेला. त्याने चेंडू उचलून घरच्या बेसकडे फेकला. तिकडे धापा टाकत धावत होता सिड ब्रीम, दुखऱ्या गुडघ्यांचा, अत्यंत संथ पळणारा खेळाडू. बरोबरीची धाव त्याच्याआधीच झाली होती; तो निसटता पोचला आणि पायरेट्स हरले. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत हा ब्रीम पायरेट्सकडेच खेळत होता. त्यालाही अटलांटाने जास्त पैसे देऊन नेले होते. दोन महिन्यांत बॉण्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला, सहा वर्षांचे ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर घेऊन. त्यानंतरची वीस वर्षे वर सांगितलीच आहेत.

हे असे का होते, ते समजायला दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली पैशाची, दुसरी नियमाची.

पिट्सबर्ग शहराची लोकसंख्या जेमतेम तीन लाख, आजूबाजूचा परिसर धरला तर तेवीस-चोवीस लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या वाराणसी शहरात बारा लाख माणसे होती. न्यूयॉर्कच्या परिसरात दोन कोटींच्या घरात राहतात. बेसबॉलमध्ये देशभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांचे पैसे तिसांनाही सारखे मिळतात. परंतु मोसमात एका संघाचे १६२ सामने असतात आणि त्यातले बहुतेक स्थानिक वाहिनीवर दिसतात. त्या वाहिनीचे पैसे ज्याच्या त्याच्या शहराचे. लॉस एंजेलिस डॉजर्सने २०१३ मध्ये केलेला स्थानिक प्रक्षेपणाचा करार पंचवीस वर्षांसाठी तब्बल ८३५ कोटी डॉलरचा होता. पिट्सबर्गच्या वाहिनीने एवढे पैसे आणायचे कुठून? तेवढी घरेच तिथे नाहीत. प्रत्येक संघाने स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के सामायिक पेटीत टाकायचे आणि ते सगळ्यांनी सारखे वाटून घ्यायचे, असा नियम आहे. दरी त्याने कमी होते, बुजत नाही. वर, संघाने खेळाडूंवर किती खर्च करावा याला बेसबॉलमध्ये कमाल मर्यादा नाही. ठरावीक आकडा ओलांडला तर कर भरावा लागतो. २०२५ साठी हा आकडा २४ कोटी १० लाख डॉलर होता. डॉजर्स तो कर भरतात आणि पुढे जातात. २०२४ आणि २०२५ च्या दोन्ही वर्ल्ड सिरीज त्यांनी जिंकल्या.

आता नियम. १९७५ पर्यंत अमेरिकेत खेळाडू हा जवळपास संघाच्या मालकीचा असे. करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क संघाकडेच राहायचा. सेंट लुइसच्या कर्ट फ्लडला १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले, तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९७२ मध्ये तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, कारकीर्दही गमावून बसला. पण तीनच वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, पीटर सायट्झ या लवादाने दोन पिचरच्या बाजूने निकाल दिला आणि दार उघडले. तेव्हापासून घडी अशी बसली आहे की वरच्या संघात पहिली तीन वर्षे खेळाडूला साधारण किमान पगार, पुढची तीन वर्षे लवादाच्या आधाराने वाढता पगार, आणि सहा वर्षे भरली की तो मोकळा. मग ज्याची थैली मोठी, त्याच्याकडे.

त्यामुळे लहान शहराच्या दृष्टीने प्रत्येक मोठा खेळाडू सहा वर्षांचा पाहुणा असतो.

पाहुणा जाणार हे ठरलेलेच असेल तर तो फुकट जाण्याआधी विकलेला बरा, असा हिशेब मग मालक करतात. पायरेट्सने २०११ च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) सर्वांत पहिला घेतलेला पिचर गेरिट कोल. त्याची सहा वर्षे भरायला अजून दोन बाकी होती, तेव्हा १३ जानेवारी २०१८ रोजी त्याला ह्यूस्टनला देऊन टाकले. दोनच दिवसांनी अँड्रू मॅककचेनला सॅन फ्रान्सिस्कोला. २०१३ मध्ये पायरेट्सने पराभवांची मालिका मोडली ती या मॅककचेनच्या बळावर. त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच होता. शहराने त्याला घरचा मुलगा मानले होते. कोल पुढे न्यूयॉर्क यांकीजकडे गेला, नऊ वर्षांचे ३२ कोटी ४० लाख डॉलर घेऊन. मॅककचेन २०२३ मध्ये छत्तिसाव्या वर्षी पिट्सबर्गला परतला. मधली वर्षे इतरत्र घालवून लेक म्हातारपणी माहेरी यावी, तसे ते येणे होते. प्रेक्षकांनी मात्र उभे राहून स्वागत केले.

आज शहराचे डोळे लागले आहेत पॉल स्कीन्सकडे. २०२३ च्या निवडीत पहिला, मे २०२४ मध्ये पदार्पण, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित, आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार, तोही एकमताने. २०२५ मध्ये त्याने दर नऊ डावांमागे सरासरी १.९७ धावा दिल्या. इतके करूनही त्याच्या नावावर विजय दहा आणि पराभव दहा, कारण त्याच्या संघाला धावाच करता येत नव्हत्या. संघाने ७१ सामने जिंकले, ९१ हरले. त्या वर्षी स्कीन्सचा पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर, बक्षीस निधीतून मिळणारी रक्कम वेगळी. त्याच मोसमापासून हुआन सोटो न्यूयॉर्क मेट्सकडे खेळू लागला तो पंधरा वर्षांच्या ७६ कोटी ५० लाख डॉलरवर, म्हणजे वर्षाला सरासरी ५ कोटी १० लाख. स्कीन्स २०२९ च्या मोसमानंतर मोकळा होईल. पिट्सबर्गमध्ये आतापासून दिवस मोजणे सुरू झाले आहे.

इथे छोट्या शहराबद्दल सहानुभूती वाटू लागते. ती थोडी आवरलेली बरी. पायरेट्सच्या इतिहासातला २०२५ पर्यंतचा सर्वांत मोठा करार ब्रायन रेनल्ड्सचा, आठ वर्षांचे १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर, आणि तो झाला २०२३ मध्ये. आजूबाजूचा परिसर धरला तर कॅन्सस सिटी पिट्सबर्गपेक्षा मोठी नाही. तिथल्या रॉयल्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये बॉबी विट या आपल्या तरुण खेळाडूला अकरा वर्षांसाठी २८ कोटी ८० लाखांहून जास्त देऊन बांधून घेतले. म्हणजे मनात आणले तर जमते. सामायिक पेटीतून येणारा पैसा खेळाडूंवर न घालता मालक तो राखून ठेवतात, हा पिट्सबर्गच्या प्रेक्षकांचा जुना राग आहे, आणि २०२५ मध्ये मालक बॉब नटिंग यांना उद्देशून ‘संघ विका’ अशा घोषणा स्टेडियममध्ये घुमत होत्या. शहर लहान आहे हे खरे कारण आहे, आणि तेच सोयीचे निमित्तही आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

ओकलंडने दुसरा मार्ग दाखवला होता. २००१ नंतर जेसन जिआंबी, जॉनी डेमन आणि जेसन इझ्रिंगहाउझन हे तिघे एकदम गेले. तरी २००२ मध्ये, यांकीजच्या एक तृतीयांश पगारखर्चात, ओकलंडने १०३ सामने जिंकले. त्यात लागोपाठ वीस. इतरांनी कमी लेखलेले खेळाडू आकडेवारीच्या आधारे हेरायचे, ही त्यांची युक्ती. ‘मनीबॉल’ हे पुस्तक आणि चित्रपट त्यावरच. पण युक्ती गाजली तशी श्रीमंतांनीही उचलली. शेवटी २०२४ नंतर ओकलंडचा संघच शहर सोडून गेला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही युक्ती ओळखीची वाटेल, कारण विदर्भाने रणजी करंडकात हेच केले. उतरत्या वयात मुंबई सोडलेला वसीम जाफर विदर्भाकडे आला आणि २०१७-१८, २०१८-१९ असे सलग दोन करंडक जिंकून देणाऱ्या संघाचा कणा झाला. कर्नाटकातून बाहेर पडलेला करुण नायर आला आणि २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ८६ व १३५ धावा करून गेला. विदर्भाचा तो तिसरा करंडक. मग इंग्लंड दौऱ्यासाठी कसोटी संघात पुनरागमन, आणि पाठोपाठ करुण परत कर्नाटकात. अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ मध्ये बडोद्याकडे गेला. नागपूरला पिट्सबर्गचे दुःख कळेल.

फरक एवढाच की रणजीत खेळाडू सहसा पैशासाठी हलत नाही. सामन्याचे मानधन बीसीसीआय देते आणि ते सगळ्या राज्यांत सारखेच असते, अनुभवानुसार दिवसाला चाळीस ते साठ हजार. माणसे हलतात ती संघात जागा मिळावी म्हणून, कर्णधारपदासाठी, निवड समितीच्या नजरेत राहण्यासाठी. जायचे तर जुन्या संघटनेचा ना-हरकत दाखला लागतो.

आणि इथे गोष्ट पुन्हा भदोहीला येते. पूर्वी वाराणसीचाच भाग असलेला, १९९४ मध्ये वेगळा झालेला, गालिच्यांसाठी प्रसिद्ध असा हा जिल्हा. रिंकू सिंग इथला, तसाच यशस्वी जयस्वालही, तो सुरियावांचा. क्रिकेटसाठी तो दहा-अकरा वर्षांच्या वयात मुंबईला आला, आझाद मैदानावरच्या तंबूत राहिला, ज्वाला सिंग या प्रशिक्षकाच्या नजरेस पडला, आणि २०१९ मध्ये मुंबईकडून रणजी खेळला. त्याच वर्षी विजय हजारे स्पर्धेत झारखंडविरुद्ध त्याने २०३ धावा केल्या, वय सतरा. एप्रिल २०२५ मध्ये त्याने मुंबई सोडून गोव्याकडे जाण्यासाठी दाखला मागितला. गोव्याने नेतृत्वाची संधी देऊ केली, असे तो म्हणाला. पुढच्याच महिन्यात त्याने अर्ज मागे घेतला, पण तेवढ्या वेळात मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात जो धुरळा उडाला तो पाहण्यासारखा होता. ज्याला आम्ही घडवले तो आम्हाला सोडून जातो कसा, हा सूर. भदोहीने हा सूर कधी लावला नाही. तिथून पोरगा गेला तेव्हा ना-हरकत दाखला मागायलाही कुणी नव्हते.

वाराणसीने आपला तारा स्वतःकडे ठेवल्याचे एक ठळक उदाहरण आहे, ते हॉकीतले. मोहम्मद शाहिद, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातला ड्रिब्लिंगचा जादूगार, जन्माने बनारसी आणि २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत बनारसचाच राहिला. त्याला शहराचा ओढा होता हे खरे, पण त्याला रेल्वेची नोकरी होती हेही खरे, आणि ती गावातल्याच डिझेल इंजिन कारखान्यात, डीएलडब्ल्यूमध्ये. टीव्हीच्या पैशाआधी भारतीय खेळाडूची बाजारपेठ म्हणजे सरकारी नोकरी. ती ज्या गावात, त्या गावात खेळाडू. पिट्सबर्गमध्येही निष्ठेमागे असे कारण होते. तिथला सर्वांत लाडका खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे १९५५ ते १९७२ अशी सारी कारकीर्द पायरेट्सकडेच खेळला. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात गेला. त्याच्या निष्ठेचे गोडवे गाताना लोक विसरतात की त्या काळी त्याला जाण्याची मुभाच नव्हती. आणि पायरेट्सने त्याला मिळवला होता तो ब्रुकलिन डॉजर्सच्या दुय्यम संघातून, १९५४ मध्ये.

आयपीएलने या बाबतीत बेसबॉलपेक्षा शहाणपणा दाखवला. प्रक्षेपणाचे हक्क बीसीसीआय एकत्र विकते, आणि २०२५ च्या लिलावासाठी मुंबई असो की जयपूर, प्रत्येकाची थैली १२० कोटींचीच होती. म्हणूनच राजस्थान रॉयल्स जयस्वालला १८ कोटींना राखू शकले. इथेही माणसे जातात. संजू सॅमसन नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईला गेलाच, रवींद्र जडेजा आणि सॅम करन यांच्या बदल्यात. पण राजस्थान गरीब आणि चेन्नई श्रीमंत म्हणून तो गेला असे कुणी म्हणणार नाही.

बेसबॉलमध्ये आयपीएलसारखी खर्चाची मर्यादा आणण्यावरून मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात लढाई ठरलेली आहे. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. खेळाडूंचा विरोधही समजण्यासारखा आहे. कर्ट फ्लडची कारकीर्द ज्या हक्कापायी गेली, तो सहजासहजी कोण सोडेल?

या भांडणात वाराणसीसारख्या शहरांचे नाव कुठेच येत नाही. वाराणसीच्या गंजारीला नवे स्टेडियम उभे राहते आहे; सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची पायाभरणी झाली तेव्हा सचिन तेंडुलकर आणि सुनील गावस्करही हजर होते. तीस हजार प्रेक्षक, डमरूच्या आकाराची इमारत, त्रिशूळासारखे दिव्यांचे खांब. कौतुक आहेच. पण स्टेडियममध्ये सामने होतात. खेळाडू घडतात ते गल्लीतल्या छोट्या मैदानांवर, आणि त्या मैदानांना खेळाडू गेल्यावर काही मिळत नाही. पिट्सबर्गला निदान सहा वर्षे मिळतात.

फुटबॉलने यावर उपाय काढलेला आहे. फिफाच्या नियमानुसार खेळाडू पैसे मोजून एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेला, की त्या रकमेतले पाच टक्के बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला ज्यांनी शिकवले त्या क्लबांना वाटले जातात, ते क्लब कितीही लहान असोत. भारतीय क्रिकेटमध्ये असा नियम नाही. आयपीएलच्या लिलावात खर्च होणाऱ्या कोट्यवधींतला असाच छोटा हिस्सा खेळाडूच्या पहिल्या मैदानाकडे, पहिल्या प्रशिक्षकाकडे वळवणे बीसीसीआयला अवघड नाही. नोंदणीची कागदपत्रे जिल्हा पातळीपासून असतात, पैसाही आहे. मुंबई क्रिकेट संघटनेने हा प्रस्ताव पुढे मांडावा. भदोहीसारख्या गावांकडून सर्वांत जास्त घेतले आहे ते तिनेच.